व्याह्यांची बँडविड्थ

चुकीचा शब्द कानावर पडला की अंगात ताप भरणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. माझ्या सुनेचे वडील. सोलापूर शहरातल्या जुळे सोलापूर भागात त्यांचं कॅमेऱ्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक येऊन "रेकॉर्डिंगचा डीव्हीआर द्या" म्हणालं की व्याही आधी उलटतपासणी घेणार. "कॅमेरे कसले हायत? नेटवर्कवाले? मग एनव्हीआर म्हणा की." गिऱ्हाईक म्हणायचं, "तेच ते." झालं! व्याही काढलेला माल परत फळीवर ठेवायचे. "तुमच्या घरात दोन भाऊ हायत न्हवं? दोघांस्नी एकाच नावानं हाक मारता काय?" अशी किती गिऱ्हाइकं त्यांनी समोरच्या दुकानात धाडली ते समोरच्यालाच विचारा. तो दर दिवाळीला त्यांच्याकडं मिठाई पाठवायचा.

पोरांच्या लग्नातलीच गोष्ट घ्या. शूटिंगवाला कुणाला तरी म्हणाला, "आपला फ्रेम रेट भारी, सगळं कसं बारीक दिसतं." व्याही कन्यादानाच्या पाटावरनं उठले. "बारीक दिसतं त्याला रिझोल्यूशन म्हणायचं, बाबा. सेकंदाला किती चित्रं पळतात तो फ्रेम रेट. आन् तुझा तो लई कमी हाय, माझी लेक अडखळत चालल्यागत दिसतीया!" भटजी पळीत पाणी घेऊन तसेच बसले. नवरीनं डोक्याला हात लावला. मला मात्र तिथंच हा माणूस पसंत पडला.

आता माझं शिक्षण म्हणाल तर सही येते आणि पेपर वाचता येतो. कुणी मला शिकवायला लागलं की मी पाठ फिरवतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आमचं गाव उजनीच्या पाण्याकाठी. बायको गेल्यापासून मी वस्तीवर एकटाच असतो. दोन सालांमागं केळीत पाय घसरला, कंबर धरली, आणि पोरगा सोलापूरहून येऊन ताडकन बोलला, "आबा, पुन्हा पडलात तर घराला कुलूप आणि तुम्ही आमच्या फ्लॅटवर." त्या फ्लॅटवर मी एकदा राहिलोय. सकाळी उठून बघायचं काय, तर समोरच्याची वाळत घातलेली पँट.

पोरगा कुलपाचं बोलला आणि पुढच्याच आठवड्यात व्याही कॅमेरा घेऊन दारात. मी म्हटलं, "माझ्यावर पाळत नको." ते म्हणाले, "पाव्हणं, ह्यो आहेर हाय. आहेर परत केलात तर ह्या दारात पुन्ना पानी प्यायचो न्हाय." व्याह्याचा आहेर कोण परत करतो! लिंबाच्या खोडावर, बरोबर ओट्यावर नजर ठेवून, कॅमेरा बसला. त्यातनं बोललेलं जायचं आणि यायचं.

त्या दिवसापासून माझे हाल सुरू. स्वतःच्या अंगणात बनियनवर बसायची चोरी. व्याह्यांसमोर उघड्या डोक्यानं कसं जायचं? सकाळी टोपी घालून मी लिंबाला राम राम करायचो. जरा वेळानं लिंब राम राम म्हणायचा. "उशीर लागला व्हय?" मी विचारायचो. "उशीर न्हवं पाव्हणं, लेटन्सी!" चहा ओतला की मी कप उचलून दाखवायचो, आणि तिकडं, माझ्यासारख्याच एकट्या घरात, ते त्यांचा उचलायचे.

असं करत त्यांनी मला शिकवलंच. "बँडविड्थ म्हंजी रस्त्याची रुंदी. तुमच्या वस्तीवरनं सोलापुराला चित्र येतं त्यो रस्ता अरुंद पडला, तर मला चित्र अडखळत दिसंल. पर रेकॉर्डिंगची पेटी तुमच्याच कोनाड्यात हाय, वायर घरातल्या घरात. बाहेरचं नेट पार मेलं तरी रेकॉर्डिंग चालू ऱ्हातंय. बँडविड्थ कमी पडली म्हणून रेकॉर्डिंग झालं न्हाय असं जो म्हणंल, त्यो अडाणी समजा."

आणि मग एका सकाळी बादली घेऊन ओट्याची पायरी उतरताना मी पडलो. पाय ओल्या पायरीवरनं सटकला आणि मी ऐन कॅमेऱ्यासमोर आडवा. लिंब ओरडला, "पाव्हणं, गडबडीनं उठू नका! एकेक पाय हलवून दावा." दावला. कोपर सोलपटलं होतं, बाकी शाबूत. मी हात जोडून म्हटलं, "व्याही, पोराला सांगू नका." लिंब गप्प. ती लेटन्सी नव्हती, एवढं मला कळत होतं. त्यांची लेक माझ्या पोराच्या घरात. तिच्या नवऱ्याशी ते खोटं कशाला बोलतील?

रविवारी पोरगा आणि सून आली, आणि गाडीतनं मागनं व्याही उतरले. पोराची नजर थेट कोपरावर. "आबा, हे काय?" मी म्हटलं, "परवा केळीचा घड काढताना खरचटलं." "मामा, जरा रेकॉर्डिंग लावा बरं," पोरगा सासऱ्याला म्हणाला.

व्याह्यांनी कोनाड्यातल्या पेटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, चष्मा पुसला. मी मनातल्या मनात कपडे पिशवीत भरायला घेतले.

"त्या दिवसाचं रेकॉर्डिंग न्हाय," ते म्हणाले. "बँडविड्थ कमी पडली."

"म्हणजे डीव्हीआर बंद होता?"

व्याह्यांच्या कपाळावर घाम फुटला. डोक्यावर पंखा गरगरत होता. "व्हय," ते म्हणाले. "तेच ते."

पोरानं मान हलवली. सुनेनं पण हलवली. दोघं शिकलेली, पण काय बोललं गेलं ते त्या खोलीत मला एकट्याला कळलं होतं.

पोरगा पाण्याची मोटर बघायला गेला तसा व्याह्यांनी माझा दंड धरला. "पायरीला कठडा बसवल्याबिगर मी हितनं हलणार न्हाय. आन् कोपर डाक्टरला दावा. मला हे पुन्ना जमायचं न्हाय." ते खरंच हलले नाहीत. गवंडी आणून कठडा पक्का होईपर्यंत माझ्याच ओट्यावर बसून गवंड्याच्या चुका काढत होते.

त्यालाही आता वर्ष झालं. मधल्या काळात त्यांचा मुलगा त्यांना बंगळूरला घेऊन गेला. एकट्यानं राहू नका म्हणाला, आणि व्याही निमूट गेले. दुकान समोरच्यानं घेतलं. माझ्या घरासाठी ते खोटं बोलले, आणि स्वतःच्या घरासाठी साधं नाहीसुद्धा म्हणाले नाहीत. मी तिथं असतो तर भांडलो असतो.

तिकडनं ते मला रोज बघतात, मोबाइलवर. मला हितनं ते दिसत नाहीत. तिथं कुणाशी बोलतात, कुणाच्या चुका काढतात, त्यांच्या खिडकीतनं काय दिसतं, मला काहीएक कळत नाही; विचारलं तर नुसतं "बरं हाय" म्हणतात. संध्याकाळी मी पूर्वी पाण्याकडं तोंड करून बसायचो. हल्ली खुर्ची लिंबाकडं फिरवून घेतो आणि अंधार पडेपर्यंत उठत नाही.