रिमोट माझ्या खिशात, गाडी मोहोळच्या वाटेवर

ॲप्रनच्या खिशात टेस्टर शोधत होतो. हाताला रिमोट लागला. काळा, गुळगुळीत, काडेपेटीपेक्षा लहान. ज्या मोटारसायकलचा तो रिमोट, ती दहा मिनिटांपूर्वीच आमच्या वर्कशॉपच्या गेटमधून बाहेर पडली होती.

गाडी होती शिंदे मॅडमची. त्या मोहोळच्या जनावरांच्या डॉक्टर. गावोगाव फिरणं मोटारसायकलवर. सर्व्हिसिंग झालं होतं, मी शेवटची ट्रायल मारून परत येत होतो, तेवढ्यात त्यांना फोन आला. "म्हैस अडलीय, निघाले मी," एवढंच बोलल्या. मी एका बाजूनं उतरलो, त्या दुसऱ्या बाजूनं बसल्या. इंजिन चालूच होतं. बॅग मागं बांधली आणि गेल्या.

ज्यांनी अशी गाडी वापरली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिला किल्लीचं भोक नसतं. रिमोट खिशात ठेवायचा, गाडीजवळ जायचं, बटण दाबायचं. गाडी रिमोटला ओळखते आणि सुरू होते. पण ही ओळख ती सुरू होतानाच विचारते. एकदा चालू झाली की रिमोट लांब गेला तरी बंद पडत नाही, मीटरवर नुसता एक दिवा लुकलुकतो. ते बरोबरही आहे. भर हायवेवर गाडी अचानक बंद पडली तर माणूसच जायचा. पण पुढं कुठं इंजिन बंद केलं की संपलं. परत सुरू होत नाही.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद. गाडी चालवताना त्या उचलणार कशा? मॅनेजर कुलकर्णी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि रिमोट टेबलावर ठेवला.

"हा कुणाचा?"

"शिंदे मॅडमचा."

"आणि गाडी?"

"गेली."

साहेबांनी चष्मा काढला. "जाधव, तीस वर्षं झाली तुम्हाला या धंद्यात."

"म्हणूनच झालं साहेब," मी म्हणालो. ते खरंच होतं. तीस वर्षं हाताला एकच सवय. गाडी चालू आहे म्हणजे किल्ली गाडीतच आहे. वेगळी द्यावी लागते हे डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं.

"दुसरा रिमोट असेल की त्यांच्या घरी."

"त्यांच्या मिस्टरांकडं असतो. ते पुण्याला."

"मग कुणाला तरी पाठवा."

"मीच जातो," मी म्हणालो आणि निघालो.

माझी स्वतःची गाडी पंचवीस वर्षांची, किक मारायची. किल्ली इतकी झिजलेली की चालू गाडीतून उपसून घेतली तरी इंजिनला पत्ता लागत नसे. पुणे रोडला लागलो. जिवाला घोर होता, पण गाडी साठच्या वर पळत नव्हती, त्यामुळं विचार करायला वेळच वेळ.

मला इसाकभाई आठवले. अशोक चौकातल्या त्यांच्या गॅरेजात मी पाना धरायला शिकलो. भिंतीवर खिळे मारलेली एक फळी होती, तिच्यावर सगळ्या गिऱ्हाइकांच्या किल्ल्या. नाव लिहायची गरज नसायची. सुताची गुंडी बांधलेली किल्ली चादरी विणणाऱ्या यल्लप्पांची. पितळी घुंगरू असलेली भजनी मंडळातल्या बुवांची. ज्या किल्लीला जुन्या ओढणीचा तुकडा, ती एका नर्सबाईंची. "चावी देखे तो मालिक समझता रे," इसाकभाई म्हणायचे. नवी गाडी न्यायला घरदार यायचं. किल्लीला हळदकुंकू लागायचं, आणि ती पहिल्यांदा कुणी फिरवायची यावरून घरात रुसवेफुगवे व्हायचे. बटणाला कुंकू लावताना मी अजून कुणाला पाहिलं नाही. लावलं तर आत जाईल म्हणून आम्हीच नको म्हणतो.

पण त्याच फळीसमोर एक मास्तर ओक्साबोक्शी रडलेलेही मी पाहिलेत. भाजी बाजारातून त्यांची गाडी गेली. हातात किल्ली घेऊन गॅरेजात आले आणि परत परत तेच विचारत राहिले, "किल्ली माझ्याकडंच आहे की हो, मग गाडी गेली कशी?" त्यांना काय सांगणार? त्या काळच्या कुलपांना घासलेली कुठलीही किल्ली चालायची. आमच्या फळीवरच्या एका किल्लीनं आम्ही चार गाड्या सुरू करायचो आणि वर हसायचो. मास्तरांना गाडी परत मिळाली नाही. रिमोटच्या गाडीला तसं कुणी येऊन काहीतरी खुपसून नेऊ शकत नाही. ती सोय मी नाकारणार नाही.

पाकणीच्या पुढं फोन वाजला. गाडी कडेला घेतली. कुलकर्णी साहेब होते.

"मॅडमचा फोन आलाय. मोहोळच्या अलीकडं पंपावर अडकल्यात."

पेट्रोल! हे माझ्या ध्यानातच नव्हतं. गाडी रिझर्व्हला लागलेली. पंपावर इंजिन बंद करावंच लागतं. आणि त्या गाडीच्या टाकीचं झाकणही रिमोटशिवाय उघडत नाही. म्हणजे पेट्रोल नाही, गाडी नाही, नुसता डोंगराएवढा लोखंडाचा तुकडा.

मी पोचलो तेव्हा मॅडम पंपाच्या सावलीत उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. "आप्पा, तिला उठवू नका. ओढू नका. मी आलेच." मला पाहून फोन ठेवला. मी मान खाली घालून रिमोट पुढं केला.

"मॅडम, चूक माझी आहे."

"ते नंतर. पाऊण तास गेलाय." त्यांनी बटण दाबलं, गाडी लगेच सुरू झाली. परत बंद केली, पेट्रोल घेतलं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही पण चला. आप्पांचा हात प्लॅस्टरमध्ये आहे. ओढायला माणूस लागेल."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्यांच्या मागं मागं एका वस्तीवर गेलो. गोठ्यात म्हैस आडवी पडली होती, मान टाकून. शेजारी म्हातारे दगडूआप्पा, गळ्यात अडकवलेला हात, आणि त्यांच्या मालकीण, सगळे त्यांना आक्का म्हणायचे. आक्का म्हशीच्या कपाळावरून हात फिरवत होत्या.

"बाई, लई येळ लागला की वो," आप्पा म्हणाले. "सकाळधरनं कळा देतीया. आता दमली."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "गाडीचा घोळ झाला आप्पा," एवढंच म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही. ते मला जास्त लागलं.

त्यांनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला. रेडकाचा एक पाय आत मुडपला होता. डोळे मिटून, नुसत्या हाताच्या अंदाजानं त्यांनी तो सरळ केला. पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. घामानं त्या न्हाऊन निघाल्या. मग दोन्ही पायांना दोऱ्या बांधल्या आणि टोकं माझ्या हातात दिली.

"ती कळ देईल तेव्हाच ओढायचं. ती थांबली की तुम्ही थांबायचं. हिसका द्यायचा नाही."

आयुष्यभर गंजलेले बोल्ट सोडवलेत. हिसका दिला की बोल्ट तुटतो, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी दोरी ताणून धरली. म्हैस कण्हली, मी ओढलं. थांबली, मी थांबलो. असं किती वेळा झालं मोजलं नाही. मग एकदम सगळं सैल पडलं आणि मी मागच्या मागं शेणात बसलो. रेडकू माझ्या पायांवर.

हालत नव्हतं.

मॅडमनी त्याच्या नाकातोंडातलं चिकट ओढून काढलं, पोत्यानं छाती खसाखसा चोळली, कडब्याची एक काडी नाकात फिरवली. माझ्या मनात एकच हिशेब चालू होता, तो पाऊण तास. तेवढ्यात ते शिंकलं. एवढंसं, मांजरासारखं.

"पारडी हाय, रेडा न्हाई!" आक्का ओरडल्या आणि मग रडायलाच लागल्या. म्हशीनं मान वळवून पारडीला चाटायला सुरुवात केली. आप्पांनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. "तुमी बी डाक्टर का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, मेकॅनिक."

"मंग बरोबर," ते म्हणाले. काय बरोबर ते मी विचारलं नाही.

निघताना मॅडमना म्हणालो, लेखी तक्रार करा, मी सही करतो. त्या म्हणाल्या, "पारडी मेली असती तर केली असती." त्यांचा आवाज शांत होता, आणि त्या चेष्टा करत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगून वर्कशॉपला नियम लावला, आणि रिटायर होईपर्यंत मोडू दिला नाही. डिलिव्हरीला गाडी बंद करायची. रिमोट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. त्यांनी स्वतः सुरू केल्याशिवाय गेट उघडायचं नाही. नवी पोरं कुरकुरायची, अर्धं मिनिट जातं म्हणायची.

गाडीत अक्कल घातली म्हणून माणसाची कमी करून चालत नाही. अर्धं मिनिट जातं, ते जाऊ द्यावं.