गोड्या पाण्याचं पॅकेज

माझा स्वभाव असा की एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं, मग ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. नवी गाडी घेताना देखभालीचं पॅकेज घ्यायचंच, हे मी घरूनच ठरवून निघाले होते. एकदाच पैसे भरायचे आणि मग चार वर्षं ऑइल, फिल्टर, मजुरी सगळं कंपनीच्या गळ्यात. चिंचणीहून गंजाडच्या शाळेत शिकवायला माझं रोजचं जाणं-येणं. बॉनेटखालचं मला काही कळत नाही, आणि कळून घ्यायची हौसही नाही.

अडचण एकच होती, आणि ती एसटीत माझ्या शेजारी खिडकीपाशी बसली होती. बाबा.

बाबा चाळीस वर्षं तांडेल होते, म्हणजे मासेमारीच्या बोटीचे प्रमुख. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला आणि बोट विकावी लागली. तेव्हापासून त्यांच्या हाताला काम नाही. पंखे पुसून झाले, शिवणयंत्राला गरजेपेक्षा जास्त तेल पाजून झालं. एकदा मिक्सर उघडून ठेवला, तर मला आठवडाभर चटणी पाट्यावर वाटावी लागली. गाडी येणार म्हटल्यावर त्यांनी पत्र्याचा एक डबा घासूनपुसून त्यात पाने, पक्कड, जुनी फडकी लावून ठेवली. मला ते दिसलं होतं. पण सत्तरीच्या माणसाने गाडीखाली शिरायचं नाही, असा माझा हट्ट. पॅकेजचं सांगितलं तेव्हा "तुला बरं वाटेल ते कर," एवढंच म्हणाले. आमच्या घरात हे वाक्य भांडणापेक्षा वाईट.

तलासरीजवळ हायवेवरच्या शोरूममध्ये विक्रेत्याने आम्हाला एसीत बसवलं आणि पॅकेजचं रंगीत पत्रक पसरलं. अर्धं गुजराती, अर्धं मराठी असं त्याचं बोलणं मोठं लाघवी. "काका, पैसा भर्‍या के टेन्शन गया. तुम्ही गाडीला हात पण लावायचा नाही!"

बाबांचा चेहरा उतरला. मी पत्रकात डोकं घातलं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "यात गोडं पानी हाय का?"

"आहे ना काका!" म्हणत तो उठला आणि लिंबू सरबत घेऊन आला. बाबांनी आग्रह मोडायचा नाही म्हणून ते पिऊन टाकलं आणि पुन्हा विचारलं, "ते झालं. पन गोडं पानी?" दुसरा ग्लास आला. यात साखर दुप्पट होती. तोही त्यांनी निमूट संपवला. तिसर्‍यांदा त्यांनी तोंड उघडलं तसा तो बिचारा काळजीने म्हणाला, "काका, शुगर नाही ना तुम्हाला?"

मला हसू आवरेना. किनार्‍यावर आम्ही गोडं पाणी म्हणतो ते विहिरीच्या, नळाच्या पाण्याला. खारं नाही ते गोडं. बंदरात आलं की बाबा आधी त्या पाण्याने इंजिनावरचं मीठ उतरवायचे, मग घरी जेवायला यायचे. मी ते समजावलं आणि विचारलं, "आमचं घर समुद्राला लागून. खार्‍या वार्‍याने पत्रा खाल्ला, तर पॅकेजमध्ये काय आहे?"

त्याने पत्रक उलटंपालटं केलं. "गंज नाही येत त्यात, मॅडम. समुद्राजवळ गाडी खालून धूत राहायची. ते घरच्यांनीच बघायचं."

घरच्यांनीच. गाडीला जे सगळ्यात जास्त लागणार होतं, ते विकत मिळत नव्हतं, आणि ते करणारा माणूस पोटात दोन ग्लास सरबत घेऊन माझ्याशेजारी बसला होता. त्याला मी रिकामा बसवायला निघाले होते. माझी मलाच लाज वाटली.

"पॅकेज नको," मी म्हटलं. ठरलेल्या सर्व्हिसिंगला इथेच येऊ, त्या त्या वेळी पैसे देऊ.

नाही म्हणायलाही फॉर्म होता. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, "घरी तांडेल आहेत."

विक्रेत्याने ते दोनदा वाचलं. "तांडेल म्हणजे दुसर्‍या कंपनीचं पॅकेज आहे का?"

"हो," मी म्हटलं. "फार जुनी कंपनी."

बाबा खो खो हसले. मग मी अटी घातल्या: गाडीखाली शिरायचं नाही, खालचं धुणं लांब पाइपाने, उभ्याने. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग दोन वर्षांत ऐकला नव्हता त्या आवाजात म्हणाले, "रोज सकाळी मी ऑइल-पानी बघीन. मी 'निघ' बोललो की मंगच गाडी हलेल. शालेला उशीर झाला तरी."

एवढं तर मी मुख्याध्यापकांचंही ऐकून घेत नाही. पण म्हटलं, "बरं, बाबा."