कूलिंगवाले मामा

खुटबावच्या इक्बाल मुलाणींनी एकतीस वर्षं गरम पाणी गार करायचं काम केलं. कुरकुंभच्या एका औषधाच्या कंपनीत ते युटिलिटीला होते. औषध बनायचं दुसऱ्या इमारतीत, पांढरे कोट घातलेल्या माणसांच्या हाताखाली. तिथल्या भांड्यांची उष्णता उचलून आणणारं पाणी ज्या उंच टॉवरमधून खाली कोसळत गार व्हायचं, ते टॉवर, त्यांचे पंखे आणि पंप मामांकडे. पंख्याचा आवाज जरा बदलला, की कॅन्टीनमध्ये हातातला घास ठेवून ते उठायचे. कंपनीतली पोरं त्यांना 'कूलिंगवाले मामा' म्हणायची. अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-नारळ घेऊन ते घरी आले, तेव्हा ते नावही कंपनीच्या बसमधून त्यांच्याबरोबर गावात उतरलं.

पहिले चार महिने बरे गेले. मग हात शिवशिवायला लागले. घरातल्या फ्रिजची मागची जाळी त्यांनी एका महिन्यात तीनदा पुसली. शेवटी त्यांची बायको हसीना म्हणाली, "तुम्ही रिटायर झालात, आता त्या फ्रिजला तरी निवांत राहू द्या."

मुलगी रुबी शिरूरला एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होती. तिच्या अभ्यासासाठी घेतलेला कॉम्प्युटर पुढच्या खोलीतल्या टेबलाच्या कप्प्यात दोन वर्षं धूळ खात पडला होता. एका रविवारी ती घरी आली आणि त्याच्यावरचं कापड काढत म्हणाली, "अब्बा, ह्याला काम लावू का?"

"कसलं काम?"

रुबीनं समजावून सांगितलं. शास्त्रज्ञांची काही गणितं इतकी मोठी असतात, की एका ठिकाणी ती सुटायला वर्षानुवर्षं लागतील. म्हणून ते त्यांचे बारीक तुकडे करतात आणि जगभरातल्या हौशी माणसांच्या घरी पाठवतात. घरचा कॉम्प्युटर आपला तुकडा सोडवतो आणि उत्तर नेटवरून परत धाडतो. फुकट, राजीखुशीनं. तिनं निवडलेलं काम टीबीच्या जंतूचं होतं. त्या जंतूच्या अंगाभोवती मेणासारखा जाड थर असतो. औषध त्यातून आत कसं शिरेल, त्याचा तो हिशोब.

टीबी हा शब्द त्या घरात सहसा कुणी काढत नसे. रुबी एकोणीस वर्षांची असताना तिला तो झाला होता. पहिल्या तपासणीचा रिपोर्ट चुकीचा आला. साधा टीबी म्हणून साध्या गोळ्या सुरू झाल्या आणि तीन महिने पोरगी डोळ्यांदेखत वाळत गेली. दुसऱ्यांदा तपासलं तेव्हा कळलं, हा त्या गोळ्यांना दाद न देणारा हट्टी टीबी आहे. मग वीस महिने औषधं चालली. त्यातून ती उठली, आणि उठल्यावर तिनं शिकायला निवडलं ते तपासणीचंच काम.

"लाव," मामा म्हणाले. "छतावर सोलर हाय. दुपारची वीज तशीबी उरती."

रुबीनं प्रोग्रॅम बसवला आणि मामांना एका गटात घातलं. शिरूर आणि दौंड तालुक्यांतले सात-आठ जण त्यात होते. गट चालवायच्या प्रगती शेंडगे. वडगाव रासाईच्या त्या, विज्ञानाच्या शिक्षिका.

सुरुवातीला मामांना मौज वाटली. सकाळी नऊला ते कॉम्प्युटर चालू करायचे आणि उन्हं कलली की बंद. पडद्यावर प्रत्येक तुकडा किती टक्के झाला ते दिसायचं. पण एप्रिल लागला आणि घोटाळा सुरू झाला. दुपारी दोनच्या सुमाराला कॉम्प्युटर आपोआप बंद पडायचा. मधेच लाइट झटका द्यायची, की अर्धं झालेलं काम पुन्हा पहिल्यापासून. आठवड्यानं प्रगती मॅडमचा फोन आला.

"मामा, राग मानू नका. तुमचं मशीन काम घेतंय, पण वेळेत परत देत न्हाई. मुदत टळली, की तो तुकडा दुसऱ्या कुणालातरी द्यावा लागतो. तोवर शास्त्रज्ञ वाट बघत बसतात."

"किती राहिल्यात?"

"बावीस."

मामांनी फोन ठेवला. एकतीस वर्षांत एकदाही त्यांनी पुढच्या माणसाला काम नीट समजावून दिल्याशिवाय शिफ्ट सोडली नव्हती. आता आपल्या नावावर बावीस अर्धी कामं पडलीत, ही गोष्ट त्यांना धड जेवू देईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कोरी वही काढली आणि कंपनीत ठेवायचे तसं लॉगबुक सुरू केलं. दर तासाला खोलीचं तापमान, प्रोसेसरचं, म्हणजे आतल्या हिशोब करणाऱ्या चिपचं तापमान, पंख्याचा वेग. दोनच दिवसांत रोग कळला. दुपारी प्रोसेसर सत्त्याण्णव अंशांवर जात होता. जीव वाचवायला तो आधी हळू चालायचा, मग बंद पडायचा.

"हे तर आपलंच काम निघालं," ते हसीनाला म्हणाले. तिला त्यांच्या आवाजात कितीतरी महिन्यांनी जुनी धार ऐकू आली.

त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला, ब्रशनं जाळ्या झाडल्या. धुळीची एक अख्खी वाकळ निघाली. तरी तापमान चारच अंशांनी उतरलं. मग त्यांनी एक उदबत्ती पेटवली आणि डब्याच्या मागे धरली. धूर गरम हवेबरोबर बाहेर आला, टेबलाच्या फळीला आपटला, खालून वळला आणि पुढच्या जाळीतून पुन्हा आत गेला. मामा खाली जमिनीवर बसून ते बघतच राहिले. टॉवरचंही असंच व्हायचं. वारा उलटा असला, की टॉवर आपलीच गरम वाफ पुन्हा आत ओढायचा, आणि पंखे कितीही पळवले तरी पाणी गार व्हायचं नाही.

त्यांनी कॉम्प्युटर कप्प्यातून काढला आणि उत्तरेच्या भिंतीशी, पाटावर मोकळा ठेवला. प्रोसेसर आणि त्याच्या पंख्यामधली उष्णता पुढे नेणारी, पण वाळून खडखडीत झालेली पेस्ट खरवडून नवी लावली. तापमान ऐंशीच्या खाली आलं. मग प्रोग्रॅममधल्या खाचाखोचा. काम दर मिनिटाला जतन होईल असं केलं, म्हणजे लाइट गेली तरी मिनिटाचंच नुकसान. आठवड्याचं काम एकदम मागवण्याऐवजी दिवसापुरतं मागवायला लावलं. आणि प्रोसेसरचे सहाच्या सहा कोर, म्हणजे जणू आत एका जागी बसलेले सहा कामगार, एकदम न राबवता पाचच लावले. गंमत अशी, की सहा जण तापून जेवढं काम करत होते, त्याहून पाच जण गार डोक्यानं जास्त करू लागले.

प्रगती मॅडमनी फोनवर आणखी एक युक्ती सांगितली. प्रोसेसरला कारखान्यात ठरवून दिलेला व्होल्टेज थोडा चढाच असतो. तो जरा उतरवला तर काम तेवढंच होतं आणि उष्णता कमी होते.

मामांना हे फोड करून सांगावंच लागलं नाही. "आमच्या पंख्याचा वेग शंभरावरनं ऐंशीवर आणला, की वीज निम्म्यावर यायची. कळलं मला. पण मॅडम, किती उतरवायचा?"

"थोडा थोडा. एक पायरी उतरवायची आन् दिवसभर बघायचं."

पण मामांना आता चव लागली होती. त्यांनी एक पायरी उतरवली, काही बिघडलं नाही. दुसरी उतरवली. मग एकदम चार उतरवल्या. मेच्या भर उन्हात प्रोसेसर सदुसष्ट अंशांवर. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. मामांनी आकड्याचा फोटो काढून रुबीला पाठवला आणि वहीत त्या ओळीखाली लाल रेघ मारली.

आठ दिवसांनी त्यांनी गटाचं पान उघडलं, तर त्यांच्या नावापुढे एकोणीस उत्तरं 'अवैध' होती.

त्यांना आधी अर्थच लागेना. मग रुबीनं फोनवर सांगितलं. व्होल्टेज फार कमी झाला, की प्रोसेसर बंद पडत नाही, गरम होत नाही, कसली तक्रारही करत नाही. फक्त मधेच कुठंतरी बेरीज चुकतो आणि चुकलेलं उत्तर गुपचूप पुढं पाठवतो.

"म्हंजी ह्यो खोटं बोलत होता," मामा म्हणाले.

"अब्बा, मशीन आहे ते."

"मीच बोलायला लावलं त्याला."

बंद पडलेला गेज, म्हणजे दाब-तापमान दाखवणारा काटा, परवडला, पण चुकीचं दाखवणारा गेज नको, असं ते शिकाऊ पोरांना सांगायचे. बंद गेजकडे माणूस संशयानं बघतो, खोट्यावर विश्वास ठेवतो. आणि पुढचं त्यांना न आठवता राहिलं नाही. तो पहिला रिपोर्ट. चांगल्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी आलेला, आणि चुकीचा. त्यापायी गेलेले तीन महिने. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, वायर गुंडाळली आणि वर कापड टाकलं.

आठ दिवस त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. नवव्या दिवशी हसीनानं चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसली. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. पण रुबीशी ती फोनवर रोज बोलायची.

"रुबी सांगत होती, तुमच्यासारखंच काम ते आणखी एकाला देतात. दोघांची उत्तरं जुळली तरच घेतात."

"व्हय."

"मग तुमची चूक पुढं गेली का?"

"न्हाई. तिथंच पकडली."

"आपल्या पोरीच्या वेळेला पण पहिला रिपोर्ट चुकला. मग आपण काय केलं? घरी बसलो का? दुसऱ्यांदा तपासायला गेलो, म्हणून ती हाय." हसीनानं पदरानं कपाळ टिपलं. "चहा गार होतोय, घ्या."

मामांनी चहा घेतला आणि कापड काढलं. या वेळी घाई केली नाही. व्होल्टेज मूळ जागी नेला, आणि तिथून एक पायरी खाली. दोन दिवस आपल्याच मशीनकडून उत्तर माहीत असलेली गणितं सोडवून घेतली, ताडून पाहिली. मगच पुढची पायरी. तिसऱ्या पायरीला एक बेरीज चुकली, तसे ते दोन पायऱ्या वर चढले आणि थांबले. तापमान त्र्याहत्तर. लाल रेघेच्या आकड्यापेक्षा सहा अंश जास्त. ते त्यांनी शांतपणे वहीत लिहिलं.

जून गेला, जुलै गेला. बाहेर पडणारं एकेक उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशी जुळत गेलं. अवैध एकही नाही. गटात त्यांचा नंबर पहिला नव्हता. केडगावच्या कुणाचं तरी मशीन त्यांच्या दुप्पट काम करायचं. मामांनी ते बघणंच सोडून दिलं होतं.

ऑक्टोबरच्या उन्हात प्रगती मॅडमचा पुन्हा फोन आला. वडगाव रासाईत त्यांनी घरच्याच जागेत मुलींसाठी अभ्यासिका काढली होती. देणगीत आलेले पाच जुने कॉम्प्युटर तिथं होते, आणि दुपार झाली की पाचही माना टाकायचे. "मामा, एकदा येऊन बघाल का?"

मामा स्कूटरवरून नदीपलीकडे गेले. अभ्यासिका म्हणजे पत्र्याचं लांबट छप्पर होतं. प्रगतीचे वडील संपत शेंडगे दारातच उभे होते.

"पयली हितं आमची दीडशे मेंढरं बसायची," ते म्हणाले. "मेंढरं गेली, आता पोरी बसत्यात."

मामा आत गेले. पत्र्यातून नुसती आग बरसत होती. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. एका बाजूला, गुडघ्याइतक्या उंचीवर, विटांचा रंग वेगळा होता. "हितं काय होतं?"

"झरोकं होतं. समोरल्या भिताडाला वरच्या अंगाला बी होतं. मेंढरं दाटीनं बसली, की आपल्याच उबंनं कासावीस हुत्यात. खालनं गार वारा आत, वरनं गरम भाईर. माझ्या बापानं ठेवल्यालं. आता रस्त्याची धूळ येती म्हणून पोरीनं बुजवलं."

इक्बाल मामांनी संपतरावांकडे बघितलं. कंपनीत येणाऱ्या इंजिनिअरांना जे फळ्यावर आकृती काढून सांगावं लागायचं, ते हा माणूस मेंढरांवरून सांगत होता.

"आप्पा, पहार हाय का घरात?"

दोघांनी मिळून दुपारपर्यंत सहा झरोके मोकळे केले. खालच्यांना मामांनी बारीक जाळी लावली, धूळ अडावी म्हणून. पत्र्याखाली संपतरावांनी उसाच्या पाचटाचा थर बांधायचं कबूल केलं, पण मामांनी आगीचं नाव काढलं, तेव्हा पाचट आणि त्याऐवजी सुचलेला थर्माकोल, दोन्ही रद्द झाले आणि वरून पांढरा चुना मारायचं ठरलं. मग पाचही डबे भिंतीपासून हातभर पुढे ओढून मामांनी एकेकाची पेस्ट बदलली. तीन वाजता चार मशीन चालू होती. पाचव्याचा पंखाच गेलेला होता, तो दौंडहून आणायचा ठरला.

जेवायला बसल्यावर प्रगती मॅडम म्हणाल्या, "ही पाच आता आपल्या गटात घेते. पोरी अभ्यास करतील तवा अभ्यास, उरलेल्या वेळात टीबीचं काम. पण मामा, तुम्ही गुरुवारी येत जा. पोरींना हे सगळं सांगा."

"मी काय सांगणार? मला पंख्यापलीकडं काय येत न्हाई."

"पंख्याचंच सांगा."

संपतरावांनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. "मी बी बसतो ऐकायला," ते म्हणाले.

पुढच्या गुरुवारी मामा गेले. अकरा मुली आल्या होत्या. मामांनी आधी घसा खाकरला, मग एका मुलीला विचारलं, "तुमच्या घरी चूल पेटवताना धूर कुठनं जातो, बघितलंय का कवा?" तिनं हात वर केला, मग दुसरीनं, आणि त्या दिवशी त्यांना परतायला चांगलाच उशीर झाला.