ऐकणारी गाडी

आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. उभं आयुष्य शेजारच्या सीटवर बसून काढलं त्यांनी. शिकवायच्या गाडीत त्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. ह्यांची ख्याती अशी की ते कधी कुणावर ओरडत नाहीत. समोरून बस येवो, कुत्रं आडवं जावो, शिकणारी बाई स्टेअरिंग सोडून डोळे मिटून घेवो, ह्यांच्या तोंडातून अक्षर फुटेल तर शपथ! पाय दाबायचा, गाडी थांबवायची आणि मग शांतपणे विचारायचं, "हं, आता सांगा, काय चुकलं?" सगळे त्यांना ब्रेकसर म्हणतात. दुसरीकडे ओरडा खाऊन आलेली घाबरट माणसं ह्यांचा पत्ता विचारत येतात.

घरीही तीच तऱ्हा. टीव्हीवर एखादी गाडी भरधाव निघाली की सोफ्यावर बसलेल्या ह्यांचा पाय सतरंजीत रुतलाच म्हणून समजा. "अहो, सतरंजी झिजली त्या जागी, आता जरा सरकून बसा," मी म्हणायचे. बोलायचं खातं माझ्याकडे, दोघांच्याही वाटचं. नळ दुरुस्त करणाऱ्याशी हुज्जत घालायची मी, शेजारणीची खरडपट्टी काढायची मी, आणि ह्यांनी मागे उभं राहून मान डोलवायची. माझं काही वाईट चाललं नव्हतं त्यात. न बोलणारा नवरा मिळाला म्हणून मैत्रिणी माझा हेवाच करायच्या.

आमची लेक घरोघरी जाऊन आजाऱ्यांकडून व्यायाम करून घेते. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाचं अर्धं अंग लुळं पडलेलं असतं. बरोबर पट्टे, चेंडू, शेकायचं मशीन असलं भलंमोठं बोचकं, त्यामुळे गाडीशिवाय तिचं पान हलत नाही. चालवायला ती ह्यांच्याकडेच शिकली, ह्यांच्याच गाडीत. थंडीच्या सुरुवातीला एक दिवस ती ह्यांना आणि ठमीला घेऊन निघाली. ठमी म्हणजे तिची पोर, आमची नात, अजून दुधाचे दात न पडलेली. गोदामांच्या रस्त्यावर एका फाटकातून टेम्पो मागे मागे येत बाहेर निघाला आणि लेकीची गाडी थेट त्याच्यावर जाऊन आदळली. मोठ्यांना खरचटण्यावर निभावलं. ठमीने मात्र खाली पडलेला रंगीत खडू उचलायला पट्टा सोडवला होता. तिचा हात मोडला.

लेक ज्याला त्याला एकच सांगत राहिली, "माझं लक्ष नव्हतं." डॉक्टरांना तेच, नवऱ्याला तेच, सासूला तेच. मीसुद्धा दवाखान्याच्या जिन्यात तिला नको नको ते बोलले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! जावईबापू तोंडाने काही म्हणाले नाहीत, पण गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हापासून किल्ली त्यांच्याच खिशात. ती मागतही नाही. बोचकं खांद्यावर टाकते, बसने जाते. लांबचे पेशंट एकेक करून सुटले. ठमी तर गाडीचं दार उघडलेलं बघितलं तरी माझ्या मागे लपते.

ह्यांनी तेव्हापासून अन्नच टाकलं म्हणा ना. घास हातात धरून बसायचे. मला वाटलं, धसका घेतलाय, होईल कमी. एका दुपारी मी भांडी घासत होते आणि हे पुसत होते, तर पुसून झालेलं ताट पुन्हा पुसत म्हणाले, "टेम्पो मला आधी दिसला होता."

"मग?"

"मग मी ब्रेक दाबला."

"कुठला ब्रेक? पोरीच्या गाडीत तुमच्या बाजूला कुठून आला ब्रेक?"

"नव्हताच ना," ते म्हणाले. "पायाखाली नुसती चटई. मी दाबत राहिलो. 'थांब' म्हणायला कितीसा वेळ लागतो गं? तेवढा वेळ होता. पण तोंड उघडलंच नाही."

आधी मला त्यांची कीव आली. मग अशी काही सणक गेली डोक्यात, की हातातली कढई मी आपटलीच. "अहो, ती पोर सगळ्यांची बोलणी खातेय! हे तिला सांगितलंत?"

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना."

सांगतो सांगतो म्हणत ठमीच्या हाताचं प्लास्टर निघायची वेळ आली. लेकीकडे गेलो की हे खुर्चीत बसायचे, चहा प्यायचे आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे परत यायचे. वाटेत मी फैलावर घेतलं की म्हणायचे, "तिच्या तोंडाकडे बघून धीर होत नाही. चोरासारखं वाटतं." आणि मग एका सकाळी मला म्हणतात, "ठमीला खेळण्यातली गाडी घेऊ या. हल्ली ऐकणाऱ्या, उत्तरं देणाऱ्या मिळतात. खेळता खेळता तिची भीती जाईल."

"वा!" मी म्हटलं. "जखम मांडीला आणि मलम शेंडीला! गाडी कसली घेताय, तोंड उघडा!"

पण गेले बरोबर. एकट्याला सोडलं असतं तर दुकानाच्या दारातच उभे राहिले असते.

दुकानातली पोरगी हुशार होती. तिने काचेच्या टेबलावर एकेक गाडी मांडली. पहिली गाणं म्हणायची आणि दिवे लावायची. ह्यांनी ती उलटी करून चाकं बघितली आणि विचारलं, "ही थांबायला सांगितल्यावर किती पुढे सरकते?" पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "बाई, ते परीक्षा घेतात. तू आपली दाखवत राहा."

दुसरी गाडी हात पुढे केला की हाताच्या मागे मागे यायची. "ही नको," हे म्हणाले, "लहान पोर हिला घेऊन कुठेही जाईल." तिसरी सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत शहाणी. टेबलाची कड आली, भिंत आली, की आपली आपण थांबायची आणि वळायची. मला तर फार आवडली. पोरगीही म्हणाली, "काका, हिला काही सांगावंच लागत नाही. मुलांनी नुसतं सोडून द्यायचं." हे ती गाडी कडेपर्यंत जाताना आणि वळताना पुन्हा पुन्हा बघत राहिले. मग दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली.

"ही अजिबात नको," म्हणाले.  आणि रुमाल काढून कपाळ पुसलं.

शेवटी जी घेतली ती लाल, बसकी, दिसायला अगदी साधी. तिला आपला शब्द शिकवायचा. बटण दाबून 'चल' म्हणायचं, 'थांब' म्हणायचं, मग तो शब्द ऐकला की ती तसं करणार. पण कुणीतरी म्हटल्याशिवाय थांबायची नाही. पोरगीने ती ह्यांच्या तोंडापुढे धरली. "बोला काका, थांब." हे बोलले. गाडीने ऐकलंच नाही. "जरा मोठ्याने." पुन्हा बोलले. गाडी ढिम्म. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "थांब!" तर गाडीने दिवा लावला आणि दुकानातली दोन गिऱ्हाइकंही जागच्या जागी थांबली. पोरगी खो खो हसली. हे पैसे द्यायला गेले.

लेकीच्या घरी ठमीने खोका फाडला. नुकत्याच बऱ्या झालेल्या हाताने ती जरा जपूनच वागत होती. गाडी आहे म्हटल्यावर आधी मागे सरकली, पण ती तळहाताएवढी चिमुकली, तेव्हा मग जवळ आली. लेक ओट्यापाशी चहा टाकत होती, मी तिच्याजवळ उभी. बाहेरच्या खोलीत हे जमिनीवर मांडी घालून बसले होते.

"आजोबा, 'चल' मी म्हणणार आणि 'थांब' तुम्ही म्हणायचं," ठमीने ठरवून टाकलं. तिने तिचा शब्द शिकवला, ह्यांनाही त्यांचा शिकवायला लावला. आजोबांच्या तोंडाला गाडी चिकटवून बोलून घेतलं, तेव्हा कुठे दिवा लागला.

"चल!" ठमी म्हणाली. गाडी निघाली, टेबलाच्या पायाकडे.

"थांब," हे म्हणाले. गाडी जाऊन आपटली.

"आजोबा, मोठ्यांदा बोला ना! तिला ऐकूच आलं नाही!"

पुन्हा तेच झालं. ह्यांचा आवाज घशातच, आणि गाडी पुन्हा पायावर. ठमी रडकुंडीला आली. "तुम्ही म्हणतच नाही! ती मोडेल ना अशाने! आता नीट म्हणा हं. चल!"

"थांब!"

इतकी वर्षं संसार केला, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. कपाटावरचा डबा वाजला. गाडी जागच्या जागी थांबली. ठमीने टाळ्या पिटल्या. लेक चहाचं गाळणं हातात घेऊन तशीच धावत बाहेर आली. "काय झालं? बाबा, काय झालं?"

हे जमिनीवरच बसले होते. "हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं," म्हणाले. "टेम्पो मला दिसला होता. मी चटई दाबत बसलो आणि तुला सांगितलं नाही. चूक माझी आहे गं पोरी. तू उगाच सगळ्यांचं ऐकून घेतलंस. मी तिथे होतो, बघत होतो, आणि तरी गप्प राहिलो. नंतरही गप्पच राहिलो."

मला वाटलं, आता ही फाडून खाणार. मी खाल्लं असतं. पण लेक त्यांच्यासमोर खाली बसली. गाळण्यातून चहाचे थेंब फरशीवर पडत होते, तेही तिला दिसेनात.

"बाबा," ती म्हणाली, "टेम्पो मलाही दिसला होता."

"मग लक्ष नव्हतं असं का म्हणालीस सगळ्यांना?" मी मध्येच तोंड घातलं.

"मग काय सांगणार होते, आई? टेम्पो दिसला, आणि तेवढ्यात बाबांचा पाय खाली जाताना दिसला. म्हणून मी माझा ब्रेक दाबलाच नाही. वाटलं, बाबांनी दाबलाय, आता थांबेल. नेहमी थांबायचीच." ती ह्यांच्याकडे बघत नव्हती. "हे तुम्हाला कळू नये म्हणून म्हणत होते, लक्ष नव्हतं."

जिन्यातलं माझं बोलणं मला शब्दन् शब्द आठवलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

ह्यांनी समोरची लाल गाडी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "म्हणजे थांबायला मी तुला शिकवलंच नाही."

'तसं नाही हो, बाबा,' असं तिने म्हणावं म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती तसं म्हणाली नाही.

संध्याकाळी जावईबापू कामावरून आले. हे दारातच उभे राहिले, बूट काढायचीही उसंत दिली नाही त्यांना, आणि सगळं सांगितलं. आपला पाय, चटई, बंद तोंड, आणि तिने ब्रेक का दाबला नाही तेही. शेजारच्या दाराला फट पडेल इतक्या मोठ्याने सांगितलं. जावईबापूंनी ऐकून घेतलं. मग खिशातून किल्ली काढून बायकोच्या हातात ठेवली आणि आत गेले.

लेकीने किल्ली मुठीत धरली. "तुम्हाला घरी सोडते," म्हणाली. खाली गाडीपाशी आलो तर हे सवयीने शेजारच्या दाराकडे वळले. तिने हात आडवा केला.

"तिथे आई बसेल, बाबा. तिला ओरडता येतं."

चेष्टा असेल म्हणून मी हसले. पण ती हसत नव्हती. हे मुकाट्याने मागचं दार उघडून आत बसले, आणि त्यांनी पट्टा लावला.