तळपायाला टिचकी

मी चौथी शिकलो. पुढं इंदापूरकडं एका मोठ्या गोठ्यावर दूध काढायला राहिलो. तिथं एका गड्याकडं आठ म्हशी. नववी बांधली की गडी मालकापुढं दावं टाकून घरी जायचा.

अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला माझी लेक सातव्या महिन्यातच बाळंत झाली. नात सव्वा किलोची. बारामतीच्या एका दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. खोलीत पेट्या दहा, सिस्टर एक. ती भिगवणहून एसटीनं यायची.

मी डॉक्टरांना विचारलं, “एवढ्या पोरांना एकच बाई?”

“कागदावर तिघी आहेत, आबा.”

“मग त्या कागदाला म्हणावं, हात धुऊन आत ये.”

डॉक्टर हसले नाहीत. मी तरी कुठं हसून बोललो होतो.

आत जायला आम्हाला बंदी. बायको काचेबाहेर उभी. बाक होता, पण बसली नाही.

मी म्हटलं, “बघून तू काय करणार हाईस?”

“तुमी म्हशी बघा. मला हे बघू द्या.”

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर एका पोराला नळीनं दूध देत होती. तेवढ्यात आमची पोर निळी पडली. यंत्र वाजलं, पण तिथं कुठलं ना कुठलं यंत्र सारखं वाजतच असायचं. बायकोनं काच बडवली. दोन बांगड्या फुटल्या. सिस्टर धावली आणि पोरीच्या तळपायाला टिचकी मारली. पोर दचकली, श्वास चालू झाला.

सिस्टर बाहेर आली. “एवढीशी असली की श्वास घ्यायचं विसरतात. मी एकटी कुणाकुणाला आठवण करून देऊ?” मग बायकोला म्हणाली, “मावशी, कोपरापर्यंत हात धुवा अन् आत या. वीस मोजा. छाती हलली नाही तर टिचकी मारायची, अन् मला हाक द्यायची.”

बायकोला वीसपर्यंतच मोजता यायचं. तेवढं पुरलं. महिनाभर ती पेटीजवळ बसली.

शेजारच्या पेटीतलं पोर गेलं. त्याचा बाप सिस्टरला नाही नाही ते बोलला, चहा ढोसत बसली म्हणाला. ती तेव्हा चहाला गेली नव्हती, चौथ्या पेटीतल्या पोराला धरून होती. मी काचेतून बघितलं, म्हणून लिहितो. तेव्हा मात्र मी त्या बापाला काही बोललो नाही.

नात जगली. आता चांगली संसारात आहे.

औंदा बायको गेली, घरीच. मी पायथ्याशी बसलो होतो, नात उशाशी. श्वास थांबला. मी वीस मोजले आणि टिचकी मारली. तिनं श्वास घेतला. परत थांबला. परत मोजले, परत मारली. मग काहीच नाही.

नात म्हणाली, “आबा, बास करा आता.”

तिच्या वेळेला तिच्या आजीनं बास केलं नव्हतं. मी परत एकपासून मोजायला लागलो.