छातीवर माझा नंबर

मी फौजेतला रिटायर्ड हवालदार. गाव पेणजवळ, धरमतरच्या खाडीकाठी. बाप साठीपर्यंत मिठागराचा चिखल पायांनी तुडवत होता. त्यामुळे गुडघेदुखी आमच्या घराण्यात नाही, असं मी धरून चाललो होतो. एकेचाळिसाव्या वर्षी उजव्या गुडघ्यानं दगा दिला. जखम नाही, आजार नाही. वय झालं, एवढंच. बावीस वर्षं या पायांची निगा राखली आणि ऐन वेळी असं वागावं त्यांनी? संताप आला.

पलटण तेव्हा उत्तरेत होती, डोंगरातल्या ठाण्यांवर चढायच्या तयारीत. पाचला उठणं, सहाला पीटी, साडेआठला परेड. नायब सुभेदारीच्या बढतीच्या यादीत माझं नाव होतं. सिक रिपोर्ट केला असता तर मेडिकल कॅटेगरी घसरली असती आणि नाव उडालं असतं. बाहेरच्या माणसाला हा खुळेपणा वाटेल. पण खांद्यावरचा स्टार तोंडाशी आल्यावर कोण डॉक्टरकडे जातो?

अडचण होती पाच किलोमीटरच्या धावेची. पाठीवर वजन, हातात रायफल, समोर घड्याळ. माझ्या सेक्शनमध्ये रोह्याचा लान्स नायक दत्ताराम होता, तिशीचा. मी पायऱ्या उतरताना भिंत धरतो, हे त्यानं हेरलं होतं.

तो म्हणाला, "दादा, तुमचा चेस्ट नंबर द्या. मी पळतो."

"आणि तुझी धाव?"

"ती हाय ना, दुसऱ्या बॅचला."

टेस्ट घेणारे दुसऱ्या युनिटचे होते. ते चेहरा बघत नाहीत, छातीवरचा नंबर बघतात. लाज वाटली, पण नंबर दिला. मी पास झालो आणि ठाण्यावर गेलो.

सहाव्या आठवड्यात, गस्तीवरून परतताना, सकाळी दहा वीसला उतारावर माझा गुडघा आखडला. वरून दगड सुटायची जागा होती ती. तिथं थांबायचं नाही असा सक्त हुकूम. मी खाली बसलो. दत्ताराम पुढं सुखरूप पोचला होता, तो मागं फिरला. मी ओरडलो, "येऊ नको. मूव्ह!" त्यानं मला काखेत धरून ओढलं आणि कड्याच्या कपारीत ढकललं. कपारीत एकाचीच जागा होती. दगड आले तेव्हा तो उघड्यावर होता.

वायरलेसवर मी बोललो, "एक जखमी. ओव्हर." दहा पस्तीसला 'जखमी' हा शब्द दुरुस्त करावा लागला.

चौकशीत मी माझा पाय घसरला म्हणून सांगितलं. स्टार मिळालाच नाही. गुडघ्याची तपासणी झाली आणि मी हवालदार म्हणूनच घरी आलो. मग गुडघ्यावर राग, फौजेवर राग, आरशातल्या पांढऱ्या केसांवरही राग. पाच वर्षं हा राग मी पाळला, कारण त्याच्या आड स्वतःचं तोंड लपवता येत होतं.

दर भाऊबीजेला मी रोह्याला जायचो. दत्तारामची बायको सुनंदा मला भाऊ मानून ओवाळायची. यंदा तिनं पाट मांडला आणि माझा गुडघा वाकेना. तिनं खुर्ची आणून दिली आणि सहज विचारलं, "कवापासनं हाय दुखणं?"

मला खोटं सुचलं नाही. नंबर, धाव, उतार, सगळं सांगितलं. ताटातलं निरांजन जळत होतं.

ती म्हणाली, "म्हंजे पाय चालत नाय, ह्ये तुमाला आधीच ठावं होतं."

"व्हय."

"आनि मी पाच वर्सं ओवाळतेय तुमाला."

तिनं ताट उचलून आत नेलं. मी चपला घातल्या. ती दारापर्यंत आली आणि तिनं एकच विचारलं, "त्यांची सोताची धाव कशी झाली?"

पलटणीत त्याच्यासारखा पळणारा नव्हता. पण ताज्या दमानं तो आधी माझ्या नंबरावर पळाला आणि उरलेल्या दमावर स्वतःच्या.

मी म्हणालो, "कशीबशी पास."

पलटणीच्या कागदावर त्या सालच्या धावेत मी एक्सलंट आहे. लान्स नायक दत्ताराम, राहणार रोहा, नुसता पास.