बॅकअप झाला, चहा घे

रविवार, १७ ऑगस्ट. ठरलेली रक्कम चाळीस हजार रुपये. हजर: डोंबिवलीतल्या आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष, खजिनदार बाई आणि मी. सभासदांची वर्गणी आणि पुस्तकांची देवघेव रजिस्टरातून संगणकावर आणायचं काम मी घेतलं. बैठकीतच सांगून टाकलं, की एवढ्या पैशात शून्यापासून काही होणार नाही. पाया जुना वापरणार.

तो पाया माझ्या मित्राचा होता. ठाण्यातल्या एका लहान कंपनीत आम्ही एकोणीस वर्षं शेजारी बसून प्रोग्राम लिहिले. घरी आल्यावर तो एका पतपेढीसाठी स्वतःचं वेब फ्रेमवर्क लिहायचा. लॉगिन, फॉर्म, पावती छापणं, मोबाइलवर निरोप पाठवणं, असं सगळं. एकदा लिहिलं की कुठल्याही कामाला जोडता यावं म्हणून. तीन वर्षांपूर्वी तो गेला. चार महिन्यांनी पतपेढी दुसरीत विलीन झाली आणि त्याचा प्रोग्राम बंद पडला.

कोपरला त्याच्या घरी जाऊन मी वहिनींची परवानगी मागितली. त्यांनी कपाटातून हार्डडिस्क काढून दिली. वरची धूळ पदराने पुसली.

"घ्या भावजी. मला त्यातलं काय कळतंय?"

त्याचा कोड वाचणं सोपं नव्हतं. नावं त्याची, कंस लावायची पद्धत त्याची. मध्येच वाटायचं, शेजारून विचारावं, "अरे, हे असं का केलंस?" पतपेढीचे व्याजाचे भाग काढले, बाकी ठेवलं. एका बुधवारी रात्री चाचणीसाठी सुरू केलं. पितृपक्ष चालू होता.

रविवारी सकाळी फोन आला. पडद्यावर त्याचं नाव. मी उभाच राहिलो.

पलीकडे वहिनी होत्या. "भावजी, ह्यांच्या फोनवर मेसेज येतोय. गुरुवारपासून. आजचा चौथा."

"फोन चालू ठेवलाय तुम्ही?"

"गॅस, बँक सगळं त्याच नंबरवर आहे. बदलायला कोण जाणार? मेसेज तोच आहे, बॅकअप झाला, चहा घे."

मला तेव्हा उलगडलं. रात्रीचा डेटा नीट साठवला गेला, की पहाटे सहाला फ्रेमवर्क एक निरोप पाठवत असे. मजकूर त्यानेच थट्टेने लिहिला होता, आणि स्वतःचा नंबर कोडमध्येच घातला होता. मी पतपेढीचं नाव शोधून शोधून काढलं. नंबर शोधायचं सुचलं नाही. चूक माझी होती.

"तो आवाज आल्याशिवाय हे चहा घ्यायचे नाहीत," वहिनी म्हणाल्या. "टिंग झालं, की मी आधण ठेवायची. हे गेल्यावरही चार महिने येत होता, मग थांबला. गुरुवारी पुन्हा वाजला आणि मी झोपेतून उठून दोन कपांचं आधण ठेवलं. दूध घालताना लक्षात आलं."

मी खरं तेच सांगितलं. हा निरोप वाचनालयाचा आहे. एखाद्या दिवशी आला नाही, तर डेटा बुडाला असं समजून कुणीतरी धावायला हवं. तो खजिनदार बाईंच्या फोनवर जायला हवा.

"मग काढा. वाचनालयाच्या पैशाने माझ्या घरी घंटा कशाला?" मग त्यांनीच विचारलं, "पुढच्या रविवारी सर्वपित्री आहे. तोपर्यंत राहू दे?"

मी हो म्हटलं. तोवर बॅकअप रोज स्वतः तपासला.

सर्वपित्रीच्या दुपारी ती ओळ उघडली. वर त्याची टीप होती, आधी न वाचलेली: "इथे बदल करण्यापूर्वी मला फोन करावा." मी त्याच नंबरवर फोन केला.

"वहिनी, काढतोय."

"काढा. आज एकाच कपाचं ठेवलं होतं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी नंबर बदलला. मजकुरातलं "चहा घे" पुसलं. खजिनदार बाईंना ते विचित्र वाटलं असतं.

काम संपल्यावर ओळी मोजल्या. एकूण अकरा हजार पाचशे, त्यातल्या सहा हजार नऊशे त्याच्या. म्हणजे साठ टक्के. तेवढ्या वाट्याचा चेक घेऊन कोपरला गेलो, तर वहिनी घेईनात.

"राबलात तुम्ही. आणि हे असते तर म्हणाले असते, ओळी कसल्या मोजतोस, अक्कल मोज."

"तशी मोजली तर मलाच पदरचे द्यावे लागतील, वहिनी."

त्या हसल्या, आणि हसता हसता आत निघून गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मी चेक त्याच्या फोनखाली ठेवला.

वहिनींकडे गेलेल्या त्या अकरा निरोपांचे, पंचवीस पैशांप्रमाणे, दोन रुपये पंचाहत्तर पैसे होतात. ते वाचनालयात भरायला गेलो.

"अहो, पावणेतीन रुपयांची पावती फाडू?" खजिनदार बाई म्हणाल्या.

"फाडा."

वहिनींना चोवीस हजार, मला सोळा हजार. वाचनालयाला माझ्याकडून पावणेतीन रुपये.